भाषांची भावकी: जर्मनच्या जोरावर डच शिकताना

रानजाई

नेदरलँड्समधल्या आइंडहोव्हनला येऊन आठ महिने झाले. पुण्यात असताना मॅक्सम्युलर भवनात जर्मन बी-टूपर्यंत, म्हणजे बऱ्यापैकी बोलता येईल अशा पातळीपर्यंत केलं होतं, त्यामुळे डच म्हणजे माझ्या डाव्या हातचा मळ, असं घरात सगळ्यांनी धरूनच ठेवलं होतं. मीसुद्धा.

पहिल्याच शनिवारी बाजारात गेले. चीजचा एक तुकडा कापून घेतला आणि किती झाले म्हणून विचारलं. दुकानदार म्हणाला, "तीन." मी तीन युरो त्याच्या हातावर ठेवले. त्याने मान हलवली, पुन्हा म्हणाला, "तीन." मी नाणी बोटाने सरकवत मोजून दाखवली. शेवटी त्याने चाकू खाली ठेवला आणि दोन्ही हातांची दहा बोटं माझ्यासमोर धरली. डचमध्ये दहाला 'तीन' म्हणतात. उच्चार अगदी आपल्या तीनसारखा.

घरी आल्यावर ते डोक्यातून जाईना. जर्मनमध्ये दहा म्हणजे 'त्सेन'. डचमध्ये 'तीन'. म्हणजे जर्मनमध्ये जिथे 'त्स' आहे तिथे डचमध्ये 'त' असतो का? वही काढली. वेळ: जर्मन 'त्साइट', डच 'तेइत'. जीभ: जर्मन 'त्सुंगं', डच 'तोंग'. जुळलं. मग शब्दाच्या मधल्या आणि शेवटच्या अक्षरांकडे वळले. पाणी: 'वासर' आणि 'वातर'. सफरचंद: 'आप्फेल' आणि 'आपल'. मिरी: 'प्फेफर' आणि 'पेपर'. पुस्तक: 'बूख' आणि 'बूक'. करणे: जर्मन 'माखन', डच 'माकन'. रात्री अकरापर्यंत मी वहीची चार पानं भरली. त्यातला एकही शब्द मला नव्याने पाठ करावा लागला नव्हता, सगळे माझ्याकडे आधीपासून होते. फक्त कुलूप वेगळं होतं.

नंतर वाचून कळलं की बदलली ती जर्मन. साधारण सहाव्या ते आठव्या शतकांच्या दरम्यान दक्षिणेकडच्या डोंगराळ भागातल्या बोलींमध्ये मूळचे प, त, क घासले जाऊन प्फ, त्स, ख असे झाले. उत्तरेच्या सखल भागात हा बदल पोचलाच नाही. डच आणि इंग्रजी जुन्याच व्यंजनांवर राहिल्या. 'माकन' म्हणणाऱ्या आणि 'माखन' म्हणणाऱ्या बोलींमधली सीमा ऱ्हाइन नदीला ड्युसेलडॉर्फजवळच्या बेनराथला ओलांडते, म्हणून तिला बेनराथ रेषा म्हणतात. आमच्या घरापासून गाडीने दीड तासाच्या आत. एक दिवस खास जाऊन आले. नदी, झाडं, सायकली, बाकी दिसायला काही नाही, पण मला तिथे उभं राहायचं होतं.

लिंगांचंही असंच. जर्मनमध्ये मराठीसारखी तीन लिंगं, डचमध्ये व्यवहारात दोन, नामाआधी लागणाऱ्या शब्दावरून ओळखायची: 'द' आणि 'हेत'. जर्मनमधली पुल्लिंगी आणि स्त्रीलिंगी नामं बहुतेक 'द'मध्ये एकत्र झाली आणि नपुंसकलिंगी 'हेत'मध्ये राहिली. जर्मन 'दास बूख', डच 'हेत बूक'. 'दास किंड', 'हेत किंत'. वर्गातले इंग्रजीवरून आलेले लोक प्रत्येक नामासोबत द की हेत हे रट्टा मारून पाठ करतात, आणि मला दहातले आठ आपोआप बरोबर येतात. उत्तर या शब्दाने मात्र फसवलं. जर्मनमध्ये 'दी आंटवोर्ट' स्त्रीलिंगी, डचमध्ये 'हेत आंतवोर्त'.

आता दुसरी बाजू. मुलीच्या वर्गशिक्षिकेने भेटीला बोलावलं आणि हसतमुखाने सांगितलं, तुमची मुलगी 'हेल स्लिम' आहे. जर्मनमध्ये 'श्लिम' म्हणजे वाईट, बिकट. माझ्या पोटात गोळा आला. पोरीने काय केलं असेल, नवीन शाळेत कुणाशी भांडली का, सगळं दोन सेकंदांत डोक्यात येऊन गेलं. डचमध्ये स्लिम म्हणजे हुशार. 'फार हुशार आहे' असं बाई सांगत होत्या आणि मी रडकुंडीला आले होते.

तर प्रश्न असा. माझं जर्मन आता बिघडायला लागलंय. मैत्रिणीशी फोनवर बोलताना मधेच डच क्रियापद येतं. इथल्या क्लासच्या बाई म्हणतात, वर्षभर जर्मनला हात लावू नका. मला ते पटत नाही, कारण मी डच शिकतेय तीच मुळी जर्मनवरून. तुमच्यापैकी कुणी सख्ख्या भाषा लागोपाठ शिकलंय का? एकीने दुसरीला हात दिला की पाय ओढला?

राइनकाठ

छान धागा. मी कोलोनला, म्हणजे तुमच्या रेषेपासून जवळच, फक्त 'माखन'च्या बाजूला.

आमच्याकडून तिकडे जाताना आणखी काही खड्डे आहेत ते सांगून ठेवतो. 'विंकल' जर्मनमध्ये कोन किंवा कोपरा, तिकडे दुकान. 'दोफ' आमच्याकडे मूर्ख, तिकडे बहिरा. 'बेलन' आमच्याकडे कुत्र्याचं भुंकणं, तिकडे फोन करणं. आणि सगळ्यात वाईट म्हणजे 'मेअर' आणि 'झे' यांनी जागाच बदलल्यात. जर्मनमध्ये मेअर म्हणजे समुद्र आणि झे (पुल्लिंगी असेल तर) तळं. डचमध्ये झे समुद्र आणि मेअर तळं. सहलीचा बेत आखताना नकाशा उघडून बघा.

सांजवात

वाचतेय. 'फक्त कुलूप वेगळं होतं' हे फार आवडलं.

पाटीपेन्सिल

रानजाईताई, तुम्ही जे वहीत केलंत तेच मी ऑफिसमध्ये करते. ठाण्यात आमच्याकडे लखनौहून आलेला एक सहकारी आहे, त्याला मराठी शिकायची होती. पहिला महिना वाया गेला, कारण मी त्याला वाक्यं पाठ करायला लावत होते. मग एक दिवस पाटीवर दोन ओळी लिहिल्या.

पहिली: हिंदीत शब्दाच्या सुरुवातीला 'ब' आला तर मराठीत 'व' करून बघ. बीस वीस, बाघ वाघ, बिच्छू विंचू, बिजली वीज, बजना वाजणे, बढ़ना वाढणे, बाँटना वाटणे, बुनना विणणे.

दुसरी: हिंदीतला 'छ' मराठीत 'स' करून बघ. छह सहा, छुरी सुरी, मछली मासळी, उछलना उसळणे. पूछनाचं 'पुसणे' होतं, आणि ते आपण रोज बोलत नसलो तरी 'विचारपूस'मध्ये जिवंत आहे.

त्याने डोळे मोठे केले. दुसऱ्या दिवशी भाजीवालीकडून आला आणि म्हणाला, "वांगी म्हणजे बैंगन ना?" कुणी सांगितलं नव्हतं. त्याने 'ब' लावून पाहिला होता.

नियम कुठे चालत नाही तेही तो स्वतःच शोधून काढायला लागला. बहन म्हणजे 'वहीण' का नाही? कारण तिथे मुळात भगिनीमधला भ आहे, व नाही. विंशति, व्याघ्र, वृश्चिक यांत मूळचा व आहे. हिंदीने त्याचा ब केला, मराठीने तो ठेवला. रानजाईताईंच्या डचने जसा त ठेवला, तसा आपण व ठेवलाय.

आणि तुमच्या 'स्लिम'ची आमच्याकडची बहीण म्हणजे 'शिक्षा'. त्याच्या मुलाच्या शाळेतून मराठीत चिठ्ठी आली, त्यात गृहपाठ न केल्यास शिक्षा होईल असं लिहिलं होतं. त्याने वाचलं, गृहपाठ केला नाही तरी शिक्षण मिळेल, आणि शाळेचं कौतुक वाटून चिठ्ठी मला दाखवायला आणली. असेच दोन शब्द: संशोधन (त्याच्यासाठी दुरुस्ती) आणि चेष्टा (त्याच्यासाठी प्रयत्न). 'मी चेष्टा करतो' असं तो साहेबांना म्हणाला होता.

मांडवीकाठ

पणजीहून. हा धागा वाचून राहवलं नाही, थोडं लांबेल.

माझी आजी १९६१च्या आधी पोर्तुगीज शाळेत शिकलेली. घरात कोंकणी, देवळात मराठी, आणि रागावली की पोर्तुगीज. तिच्यामुळे कानावर पडलेली पोर्तुगीज मी पुढे कॉलेजात रीतसर शिकलो, आणि चाळिशीत स्पॅनिश हातात घेतली. वही माझ्याकडेही आहे. पहिल्या पानावर चावी आहे.

आपली चावी पोर्तुगीज 'शाव'वरून आली. लॅटिनमध्ये 'क्लाविस'. लॅटिनमधलं ते सुरुवातीचं 'क्ल' (आणि तसंच 'प्ल') पोर्तुगीजमध्ये 'श' झालं आणि स्पॅनिशमध्ये 'य'सारखं, म्हणून स्पॅनिश चावी 'याव्हे'. हे एकदा कळलं की दार उघडतं. रडणे: पोर्तुगीज 'शोरार', स्पॅनिश 'योरार'. पाऊस: 'शूवा' आणि 'युव्हिया'. हाक मारणे: 'शामार' आणि 'यामार'. दुसरी किल्ली फ-ची. पोर्तुगीजचा फ स्पॅनिशमध्ये लिहिताना ह होतो आणि बोलताना नाहीसा होतो. पीठ 'फारिन्य' तिकडे 'आरिना', भट्टी 'फोर्नु' तिकडे 'ओर्नो', मुलगा 'फिल्यु' तिकडे 'इखो'.

पण मला खरं सांगायचंय ते वेगळंच. दोन ठिकाणी पोर्तुगीजने माझा हात सोडला आणि तिथे मराठीने धरला.

एक, वार. पोर्तुगीजमध्ये सोमवार म्हणजे 'सेगुंद फेइर', दुसरा दिवस. मंगळवार तिसरा, असे शुक्रवारपर्यंत आकडे. स्पॅनिशमध्ये आकडे नाहीत, ग्रह आहेत. लुनेस चंद्राचा, मार्तेस मंगळाचा, मिएर्कोलेस बुधाचा, ख्वेवेस गुरूचा, व्हिएर्नेस शुक्राचा. ओळीने आपलेच वार! मी ते पाच मिनिटांत पाठ केले, आणि वर्गातल्या दुसऱ्या गोवेकराला, जो घरी फक्त पोर्तुगीज आणि इंग्रजी बोलतो, त्याला आठवडा लागला.

दोन, आवडणं. पोर्तुगीजमध्ये 'एउ गोश्तु', मी आवडतो असं काहीसं, कर्ता मी. स्पॅनिशमध्ये 'मे गुस्ता एल लिब्रो'. इंग्रजीतून शिकवणारे इथे पानभर समजावतात: म्हणे पुस्तक मला सुखावतं असं धरा. अहो, सरळ आहे की! मला पुस्तक आवडतं. अनेकवचन करा: 'मे गुस्तान लोस लिब्रोस'. मला पुस्तकं आवडतात. क्रियापद पुस्तकांबरोबर बदललं, माझ्याबरोबर नाही. मराठी माणसाला यात समजण्यासारखं काही शिल्लकच नाही. म्हणून माझी कळकळीची विनंती आहे की परकी भाषा शिकताना इंग्रजीच्या खिडकीतून बघू नका. आधी मराठीला विचारा.

अवांतर, पण गोव्याचं आहे म्हणून लिहितो. या भाषांची आपल्या भाषांशी असलेली नाती युरोपियनांपैकी ज्यांच्या फार लवकर लक्षात आली ते इथे राहिलेले लोक होते. फादर थॉमस स्टीफन्स, ज्यांनी पुढे मराठीत ख्रिस्तपुराण रचलं, त्यांनी १५८३ साली गोव्याहून भावाला लिहिलेल्या पत्रात इथल्या भाषांची रचना ग्रीक आणि लॅटिनसारखी असल्याचं नोंदवलंय. त्यानंतर दोनच वर्षांनी फिलिप्पो सास्सेत्ती या फ्लॉरेन्सच्या व्यापाऱ्याने संस्कृत आणि इटालियन शब्द शेजारी ठेवले: देव आणि 'दियो', सर्प आणि 'सेर्पे', सप्त 'सेत्ते', अष्ट 'ओत्तो', नव 'नोवे'. तो १५८८ साली गोव्यातच वारला. संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन एकाच मुळातून आल्या असाव्यात असं सांगणारं विल्यम जोन्सचं कलकत्त्यातलं प्रसिद्ध भाषण त्यानंतर दोनशे वर्षांनी, १७८६चं. सास्सेत्तीकडेही एक वहीच असणार असं मला नेहमी वाटतं.

खडीसाखर

सगळं छान चाललंय, पण मला विरोधी मत नोंदवायचंय, कारण मी याच उत्साहात वर्ष घालवलंय.

मी स्पॅनिश एक वर्ष केली आणि लगेच इटालियनला बसले. वाचायला दोन्ही एकदम सोप्या. बोलायला लागले तेव्हा तोंडातून जे निघायचं ते ना स्पॅनिश ना इटालियन. बोलोन्यात बसमध्ये गर्दी होती, मला पुढच्या थांब्यावर उतरायचं होतं. स्पॅनिशमध्ये 'सालिर' म्हणजे बाहेर पडणं. मी दाराजवळच्या बाईंना म्हटलं, 'देवो सालिरे', मला बाहेर पडायचंय अशा अर्थाने. इटालियनमध्ये 'सालिरे' म्हणजे चढणं. बसच्या आत उभी राहून मी त्यांना सांगत होते की मला बसमध्ये चढायचंय. त्या प्रेमाने म्हणाल्या, बाळ, तू चढलेलीच आहेस. माझा थांबा गेला.

तुमचे नियम ऐकलेलं ओळखायला उपयोगी आहेत, रानजाई. बोलताना नियम लावायला वेळ नसतो, तिथे जीभ सवयीने चालते. आणि दोन सवयी सारख्याच वयाच्या असतील तर त्या एकमेकींत गुंततात. पहिली भाषा मुरलेली हवी. माझी स्पॅनिश तेव्हा ओल्या सिमेंटसारखी होती, त्यावर मी दुसरी वीट ठेवली. मग सहा महिने इटालियन बंद केली, स्पॅनिश पक्की केली आणि मगच परत गेले. आता दोन्ही आपापल्या जागी आहेत. तुमची बी-टू आहे, म्हणजे तुमचं सिमेंट बऱ्यापैकी वाळलंय. पण क्लासच्या बाईंचं अगदीच चूक नाही.

रानजाई

खडीसाखर, हे फार महत्त्वाचं लिहिलंत. ओळखणं आणि बोलणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे मी गृहीतच धरलं नव्हतं. खरंय, मी डच बातम्या नव्वद टक्के वाचू शकते आणि शेजारच्या आजींशी हवामानावर तीन वाक्यं बोलताना अडखळते.

मांडवीकाठ, वारांचं वाचून मी नवऱ्याला उठवून सांगितलं.

जुना_भिलाईकर

रानजाईताई आणि मंडळी, मी पंचाहत्तरीचा आहे, टंकायला वेळ लागतो, चुका पदरात घ्या.

१९७२ ते ८० मी भिलाईच्या पोलाद कारखान्यात झोतभट्टीवर होतो. कारखाना सोव्हिएत मदतीने उभा राहिलेला, रशियन अभियंते सोबत असत. दुभाषे असत, पण भट्टीपाशी दुभाष्याला शोधायला वेळ नसतो. पहिल्याच आठवड्यात एक रशियन माझ्याकडे बघून ओरडला, "आगोन्य!" मी भट्टीकडे पाहिलं. अग्नी! मग दुसऱ्या बाजूला हात करून "दीम!" धूर. आमच्या आजोबांच्या तोंडचा धूम. त्या दिवशी मी ठरवलं, ही भाषा शिकायची.

विभक्तीने इंग्रजीतून शिकणारे सहकारी रडकुंडीला येत. मला त्रास झाला नाही. हातोडी म्हणजे 'मलतोक', आणि हातोडीने म्हणजे 'मलत्कोम'. मधे वेगळा शब्द घालायला नको, शब्दाचं शेपूट बदलायचं. आपली तृतीया. 'म्न्ये खोलदना', मला थंडी वाजते. तिथेही माणूस चतुर्थीत. वर मांडवीकाठ यांनी 'मला आवडतं' लिहिलंय तेही रशियनमध्ये तसंच. 'मला भाऊ आहे' हे सांगायला इंग्रजीसारखं 'माझ्या मालकीचा भाऊ' असं क्रियापद लागत नाही, माझ्यापाशी आहे असं म्हणतात.

क्रियापदांच्या जोड्यांनी (काम चाललंय की पुरं झालं) मात्र मला दोन वर्षं झुंजवलं. तिथे ना मराठी कामी आली ना संस्कृत. ऐकून ऐकूनच आलं.

निळीशाई

काका, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला. नमस्कार.

मी पुण्यात जपानी शिकवते. जपानी आपल्या नात्यातली अजिबात नाही, मग या धाग्यात का लिहितेय? कारण नातं नसलेली शेजारीणही कधी सख्ख्या बहिणीपेक्षा जास्त कामाला येते.

जपानी माणूस घरातून निघताना म्हणतो 'इत्ते किमासु'. शब्दशः: जाऊन येतो. घरातला माणूस उत्तर देतो 'इत्ते इराश्शाय', जाऊन ये. पहिल्या तासाला मी हे फळ्यावर लिहिते आणि वर्गात एकदम शांतता होते. नुसतं 'जातो' म्हणू नये असं आजीने शिकवलेलं प्रत्येकाला आठवतं.

मग पुढचं सांगते. 'शिते मिरु' करून बघणे, 'शिते ओकु' करून ठेवणे, 'शिते शिमाउ' करून टाकणे. 'डबा भरून ठेव' आणि 'डबा भरून टाक' यातला फरक इंग्रजीत समजावून दाखवा बरं! जपानीत तो जसाच्या तसा आहे. क्रियापद शेवटी, शब्दयोगी अव्यय नामानंतर. 'टेबलावर' तसं 'त्सुकुए नो उए नि'. शिवाय 'काना' या जपानी लिपीची अक्षरमालासुद्धा ओळखीची: अ इ उ ए ओ, मग क, स, त, न, ह, म, य, र, व. बौद्ध धर्माबरोबर गेलेल्या सिद्धम् लिपीतून आलेला क्रम.

माझे विद्यार्थी लिहायला येईपर्यंत इंग्रजीतून विचार करत राहतात आणि वाक्य उलटंपालटं करतात. मी त्यांना वाक्य आधी मराठीत लिहायला लावते, मग शब्दाखाली शब्द. पहिल्या सहा महिन्यांत याहून चांगली युक्ती मला सापडलेली नाही.

जपानीनंतर कोरियन घेणाऱ्या मुली मात्र खडीसाखर म्हणते तशा गुंततात. वचन देणं जपानीत 'याकुसोकु', कोरियनमध्ये 'याक्सोक', दोन्ही चिनीवरून. इतकं जवळ असलं की जीभ घसरतेच.

अलिबागहून_लोदला

शालोम सगळ्यांना. इस्रायलमधून. आईवडील अलिबागजवळचे, बेने इस्रायल, घरात अजून मराठी.

आई इथे आली तेव्हा तिला हिब्रूतल्या प्रार्थना पाठ होत्या, बाजारातली हिब्रू येत नव्हती. तिला मराठीतल्या अरबी शब्दांनी तारलं. हिब्रू आणि अरबी सख्ख्या बहिणी आहेत, आणि मराठीत अरबी शब्द फारसीच्या हाताने येऊन बसलेत. हॉटेलात बिल मागायचं तर 'खेश्बोन'. आई म्हणाली, हा तर हिशेब. पावती म्हणजे 'कबाला'. कबूल. तारीख म्हणजे 'ताआरिख'. राजा 'मेलेख', आपला मालक. पत्र 'मिख्ताव', किताबमधलेच क, त, ब. तीन व्यंजनांचा सांगाडा धरायचा आणि मधले स्वर सोडून द्यायचे, ही युक्ती तिने स्वतः शोधली. ती सातवी शिकलेली.

आता माझी मुलगी शाळेत अरबी शिकतेय, हिब्रूवरून. तिचा अभ्यास घ्यायला आजी बसते. अरबी न शिकलेली आजी.

पाटीपेन्सिल

अलिबागहून_लोदला, तुमच्या आईंना माझा नमस्कार सांगा. हा प्रतिसाद मी आमच्या लखनौच्या मित्राला वाचून दाखवला. तो म्हणाला, हिशेब, कबूल, तारीख, हे सगळे तर माझ्याकडे आधीच आहेत. 'फक्त क्लास कुठे लागतो ते सांग.'

रानजाईताई, मग काय ठरलं? जर्मन चालू की बंद?

रानजाई

चालू, पण वेगळ्या ताटात.

डचच्या वेळात जर्मन बोलत नाही. मैत्रिणीचा फोन आता फक्त रविवारी, आणि त्याआधी अर्धा तास जर्मन मोठ्याने वाचते, म्हणजे जीभ त्या वळणावर येते. दोन आठवडे झाले, मिसळ बरीच कमी झालीय. शेजारच्या आजींकडे रोज दहा मिनिटं जाते आणि वही घरी ठेवून जाते. नियम आठवायचे नाहीत, फक्त बोलायचं. काल हवामान ओलांडून त्यांच्या गुडघ्यापर्यंत पोचलो.

मांडवीकाठ आणि काकांचं वाचून वहीत तिसरा रकाना आखलाय, मराठीचा. तो इतका भरेल असं वाटलं नव्हतं. पहिली ओळ: जर्मन 'ट्यूर', डच 'दोर', मराठी दार. द तिथेही डचने ठेवलाय, आणि आपणही. दिवस मात्र या ओळीत येत नाही. 'ताक' आणि 'दाख' दिसायला आपल्या दिवसाच्या जवळचे, पण त्यांचं मूळ वेगळं, तो मोह आवरला. नाव, नऊ आणि नवीन हे तिन्ही तिन्ही भाषांत जुळले. 'नाम'ची ओळ लेकीने स्वतः लिहिली. डच शाळेत पहिल्या दिवशी शिकवलेला तो पहिला शब्द, 'नाम', आणि तिला तो आजीच्या जपमाळेमुळे माहीत होता.

चौथा रकाना लाल शाईचा, फसव्या शब्दांचा. त्यात स्लिम, विंकल, दोफ, बेलन, मेअर, झे. सगळ्यात वरच्या ओळीत तीन.

राइनकाठ, 'हाउस'चं डच 'हाउस'सारखं दिसणारं पण तसं न उच्चारलं जाणारं जे काही आहे, तो स्वर माझ्या तोंडून अजून नीट निघत नाही आणि देवनागरीत उतरवताही येत नाही. तुम्ही तो कसा लिहून घेतलात?

राइनकाठ

मी लिहून घेतलाच नाही. आरशासमोर उभं राहून ओठ शिट्टी वाजवल्यासारखे ठेवले आणि आतून 'एइ' म्हटलं. आठवडाभर. तुमच्या आजींना एकदा डचमध्ये 'कांदा' म्हणायला सांगा आणि त्यांचे ओठ बघा, त्या शब्दात तो स्वर एकटाच आहे.